रुळावरचे हितचिंतक

हिंगणोळीत सकाळी फिरायला जाण्याला 'रुळावर जाणं' म्हणतात. रूळ उचलून नेले त्याला बरीच वर्षं झाली. गूळ आणि लग्नाची वऱ्हाडं वाहणारी छोटी गाडी बंद पडली, तिच्या जागेवर आधी बाभळी उगवल्या, मग कचरा उगवला, मग पुढारी. अखेर गावाचं उपनगर झालं आणि नगरपालिकेनं त्या जागेवर चालण्याचा आणि सायकलींचा लांबलचक रस्ता केला. त्याचं उद्घाटन तीनदा झालं. फलकावर 'लोहमार्ग आरोग्यपथ' असं नाव आहे, पण ते नाव फक्त फलकच वापरतो.

दिसायला रस्ता साधाच. विटकरी रंगाची चालपट्टी, शेजारी निळी सायकलपट्टी, मध्यावर जुन्या फलाटाचा एक तुकडा, आणि सिग्नल होते तिथे लोखंडी खांब. मात्र चालपट्टीच्या खाली कागदाइतकी पातळ संवेदी चादर अंथरलेली होती. पाऊल किती जोरानं पडलं, टाच आधी टेकली की चवडा, डावा पाय उजव्याच्या किती मागे राहिला, वळताना तोल कुठे गेला, हे सगळं ती टिपून घ्यायची. याला 'चालवाचन' म्हणत. पाऊल कोणाचं हे चादरीला कळावं म्हणून प्रत्येकानं आपल्या बुटात, तळव्याखाली, एक बारीक चकती चिकटवायची असे. पालिकेनं तिला 'ओळखचकती' म्हटलं. बायकांनी पहिल्याच दिवशी तिची 'टिकली' केली आणि पालिकेचा शब्द संपला.

खांबांना आवाज दिला होता. चाल चांगली असली की खांब एखाद्या स्टेशनमास्तरच्या थाटात म्हणे, "श्री. अमुक, आजची चाल उत्तम." चाल बिघडलेली असली की खांब गप्प बसे. वाईट बातमी चारचौघांत द्यायची नाही, असं धोरण होतं. ती ज्याची त्यालाही द्यायची नाही, कारण तो ऐकून जागीच पडला तर जबाबदारी पालिकेवर येते. म्हणून प्रत्येकानं एक 'हितचिंतक' नेमायचा आणि वाईट बातमी त्याच्या फोनवर जायची.

हितचिंतक म्हणून लोक आपली मुलं नेमतील, अशी पालिकेची समजूत होती. हिंगणोळीकर इतके भोळे नव्हते. मुलांना कळवायचं म्हणजे मुलं घाबरणार, गाडी काढून येणार, घराला कुलूप लावणार आणि म्हाताऱ्याला उचलून कुठल्यातरी शहरात बाराव्या मजल्यावर ठेवणार. तेव्हा सकाळी फिरणाऱ्यांनी आपसांतच जोड्या लावल्या. मी तुझा, तू माझा. मुलांना नंतर, गरज पडली तर.

नेमिनाथ आरवाडे, म्हणजे नेमाण्णा, आणि मधुकर चिवटे सर ही त्यातलीच एक जोडी. नेमाण्णांचं पेठेत भांड्यांचं दुकान होतं. बायको गेल्यावर त्यांनी ते पुतण्याला देऊन टाकलं. चिवटे सर भूगोलाचे शिक्षक. निवृत्त होऊनही वारा कुठल्या दिशेचा आहे हे सांगितल्याशिवाय त्यांना पुढचं पाऊल टाकता येत नसे. दोघेही घरी एकटे. नेमाण्णांची मुलगी सुनंदा हुबळीला असते आणि दर फोनला "अप्पा, इकडं या" म्हणते. सरांचा मुलगा परदेशात असतो आणि तसं काही म्हणत नाही.

"ज्या दिवशी तुमच्याबद्दल काही कळेल, त्या दिवशी तोंडावर सांगेन," जोडी लावताना सर म्हणाले होते. "गोड करून नाही. सरळ."

"आणि तुमच्याबद्दल मला कळलं तर मीबी तसंच," नेमाण्णा म्हणाले होते. "टाळी द्या."

टाळी झाली होती.

या वर्षी संक्रांतीनंतर रुळावर एक चमत्कार झाला. सगळे हळू चालायला लागले.

नेमाण्णांना आधी वाटलं, थंडी असेल. थंडी गेली, होळी झाली, पाडव्याच्या गुढ्या उतरल्या, तरी तेच. चिवटे सर मागे, भोसले वकील मागे, केटरिंगवाले शहा तर पहिल्यापासूनच मागे. नेमाण्णा पुढे निघून जायचे, वळून कमरेवर हात ठेवून उभे राहायचे.

"काय ओ सर, तुमचा मोसमी वारा आज कुठं अडकला?"

"येतोय, येतोय. तुम्ही सावकाश चाला, नेमाण्णा. घाई कसली आहे?"

"घाई न्हाई. पण असंच चाललात तर पोचेपर्यंत पालिका बदलेल."

सगळे हसायचे. जरा जास्तच हसायचे, पण जिंकणाऱ्या माणसाला तेवढं बारीक ऐकू येत नाही.

फलाटापाशी पोचले की सगळ्यांनी बूट काढून कडेला ओळीनं ठेवायचे आणि शेजारच्या हिरवळीवर अनवाणी चालायचं, हा रिवाज होता. दव डोळ्यांना चांगलं असतं. दव नसेल त्या दिवसांत पालिकेचा फवारा असतो. हिंगणोळीकरांनी दोन्हीत भेद केला नाही. मग ओल्या पायांनी बाकावर टेकायचं, गप्पा मारता मारता हाताला येतील ते बूट चढवायचे आणि चहाच्या गाड्याकडे वळायचं. नेमाण्णांचे आणि सरांचे बूट एकाच रंगाचे, एकाच नंबराचे होते. दिवाळीत एका जोडावर दुसरा फुकट होता, म्हणून सरांनीच दोघांसाठी मिळून घेतले होते.

"हा बूट अलीकडं अंगठ्याला लागतोय," नेमाण्णा एकदा म्हणाले. "नवा होता तवा लागला न्हाई, आणि जुना झाल्यावर लागायला लागलाय."

"वय झालं की पाऊल पसरतं," सर म्हणाले. "नदीचं पात्रही पसरतं."

आणखी एक गोष्ट नेमाण्णांच्या लक्षात आली होती. खांब त्यांच्याशी बोलेनासे झाले होते. "श्री. चिवटे, आजची चाल उत्तम," असं खांब रोज सकाळी खणखणीत सांगायचा आणि मागून रखडत येणारे चिवटे सर ओशाळून मान हलवायचे. नेमाण्णा पुढे असूनही त्यांच्या वाट्याला काही नाही. नेमाण्णांनी त्याचा अर्थ लावला की गेल्या निवडणुकीत आपण कोणाला मत दिलं हे खांबाला कळलेलं दिसतं.

सायकलीचं दुःख मात्र खरं होतं. निळ्या पट्टीसाठी त्यांनी एक जुनी काळी सायकल हौसेनं रंगवून घेतली होती. सरांनी एक दिवस ती चालवून बघायला म्हणून नेली आणि चेन तुटली म्हणून रज्जाक सायकलवाल्याकडे टाकली. तेव्हापासून भाग मिळत नव्हता. नेमाण्णा दुकानात जाऊन रज्जाकशी भांडले. रज्जाक म्हणाला, "अण्णा, तुमची सायकल माझ्याकडं आलीच न्हाई." नेमाण्णांनी त्याला खोटारडा म्हटलं. ज्या माणसाकडून तीस वर्षं पंक्चर काढून घेतली, त्याच्याशी बोलणं बंद केलं.

हे सगळं फुटलं ते वैजयंती गोकावीबाईंमुळे.

गोकावीबाई कन्याशाळेत कवायत शिकवत. आपल्यापुढे कोणी चालावं हे त्यांना जन्मात सहन झालेलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात सप्तपदीच्या वेळी नवरा मागे राहिला होता, असं शहा सांगत. त्या सकाळी नेमाण्णांनी सहज वळून पाहिलं तर बाई त्यांच्या मागे होत्या. चार हात अंतर ठेवून, मुठी आवळून, दात-ओठ खात चालल्या होत्या. इतर सगळे म्हातारे झाले हे नेमाण्णा मान्य करायला तयार होते. बाई म्हाताऱ्या होतील हे निसर्गात बसत नव्हतं.

ते थांबले. बाईही थांबल्या.

"बाई, तुम्ही माझ्या मागं का?"

"कुठे मागे? मी आपली... हवा खातेय."

"हवा पुढं गेल्यावर पण मिळते. जावा पुढं."

"नाही, तुम्हीच जा."

"जावा की! एवढं काय?"

"नाही जाता येत हो मला!" बाईंचा बांध फुटला. "रोज ब्रेक दाबून चालायचं! गुडघे गेले माझे! चिवटे सरांनी शपथ घातलीय सगळ्यांना, की तुमच्या पुढे कोणी जायचं नाही, तुम्हाला कळू द्यायचं नाही..." आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. पण तो हात कवायतीच्या हिशेबानं फारच उशिरा आला होता.

"काय कळू द्यायचं न्हाई?"

बाई रडायला लागल्या.

एवढं होईपर्यंत मागचे सगळेही फलाटावर पोचले होते. भोसले वकिलांनी पटकन बूट बांधायला घेतले, जे त्यांनी अजून काढले नव्हते. नेमाण्णा येऊन सरांसमोर उभे राहिले.

"काय आलं तुमच्या फोनवर?"

सरांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा वर्गात नकाशा उलटा लावलेला सापडल्यासारखा झाला.

"कंपवाताची सुरुवात आहे, असं आलं," ते म्हणाले. "तुमच्या चालीत. डावा पाय थोडा ओढला जातोय. पावलं आखूड पडतायत."

"कवा आलं?"

"संक्रांतीच्या सुमारास."

हिरवळीवरचा फवारा फिरून आला आणि बुटांच्या ओळीवर शिंतोडे टाकून गेला.

"आणि ह्या सगळ्यांना ठाऊक हाय?"

कोणी नाही म्हणेना. उलट एकेकाला धीर आला. भोसले वकील म्हणाले, त्यांनी तर त्याआधीच ओळखलं होतं, चालताना नेमाण्णांचा डावा हात हलत नाही. शहा म्हणाले, वळताना नेमाण्णा तिरके जातात, ते त्यांनी पाहिलं आहे. कोणी म्हणालं चेहरा थिजल्यासारखा दिसतो. नेमाण्णांचा चेहरा त्या क्षणी खरोखरच थिजला होता, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं.

"माझी सायकल?"

"माझ्या गॅरेजमध्ये आहे," सर म्हणाले. "तुम्ही पडला असतात तर?"

"रज्जाकला मी खोटारडा म्हटलं."

"ते... मी त्याला सांगेन नंतर."

"आपलं काय ठरलं होतं, सर? टाळी दिली होती. तोंडावर. सरळ."

 सरांनी मग जे सांगितलं ते सरळच होतं.

"सांगितलं असतं तर सुनंदा दुसऱ्या दिवशी आली असती. तुम्हाला हुबळीला नेलं असतं. बरोबरच आहे तिचं. मग मी..." त्यांनी रस्त्याकडे हात केला. "मी कोणाबरोबर चाललो असतो, नेमाण्णा? ह्या शहांबरोबर?"

शहांनी वाईट वाटून घेतलं नाही.

नेमाण्णा सरांच्या तोंडापाशी वाकले. इतक्या वर्षांत त्यांनी सरांना एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं.

"म्हंजे माझं दुखणं तू तुझ्यापाशी ठेवून घेतलंस," ते म्हणाले. "तुझ्या सोबतीसाठी."

आणि ते निघाले. लांब लांब ढांगा टाकत, ताठ. मागून कोणीतरी हळहळून म्हणालं, "बघा, किती ओढत चाललेत."

डॉक्टर मृणालिनी कब्बूर यांच्या दवाखान्यातल्या व्हरांड्यातही तशीच संवेदी चादर अंथरलेली होती. नेमाण्णांनी आधी सुनंदाला फोन केला होता. ती रडली, चिडली, आणि उद्याच येते म्हणाली. सामान काय काय भरायचं हेही तिनं सांगून टाकलं. नेमाण्णा "बरं" म्हणाले. भांडण करायला बळ लागतं, आणि त्यांचं बळ फलाटावर संपलं होतं.

"या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला," डॉक्टर म्हणाल्या. "नेहमीसारखे. बुटांसकट."

नेमाण्णा चालले. डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं.

"आपलं नाव आरवाडे ना?"

"होय."

"मग तुमच्या बुटात चिवटे कसे?"

नेमाण्णांना कळेना. डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. नाव स्पष्ट होतं: मधुकर चिवटे. आजची चाल, उत्तम.

"बूट काढा आता. अनवाणी चाला."

ते अनवाणी चालले. गेले, वळले, आले. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा चालवलं, बोटं टेकवून दाखवायला लावली, मनगट फिरवून पाहिलं. मग त्यांच्या नावावर रुळावर नोंदली गेलेली चाल पडद्यावर काढली. एकाखाली एक दोन रेघा उमटल्या. वरची झाडाच्या फांदीसारखी मोकळी. खालची आखडलेली, दर दुसऱ्या ठोक्याला घसटत जाणारी.

"वरची तुमची," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काहीही झालेलं नाही. पाय माझ्यापेक्षा बरे आहेत. पण ही खालची, जी तुमच्या टिकलीवर आलीय, ती खरी आहे. चादर चुकलेली नाही. ही चाल दुसऱ्या कोणाची तरी आहे. तुमचे बूट कोण घालतं?"

नेमाण्णांना फलाटाची कड दिसली, ओळीनं मांडलेले बूट, ओले पाय, आणि गप्पांच्या नादात पुढे आलेला हात.

"तुमच्या बुटातला तो माणूस इथे यायला हवा," डॉक्टर सांगत होत्या. "कंपवात हातात दिसण्याच्या कितीतरी आधी चालीत दिसतो. आता त्यावर रोधक औषध आहे. गेलेलं ते परत आणत नाही, पण आहे ते जागच्या जागी थांबवतं. म्हणून उशीर करायचा नसतो. ही नोंद संक्रांतीपासूनची आहे. एवढे दिवस कोणी काहीच कसं केलं नाही?"

"हितचिंतकाला कळवलं होतं," नेमाण्णा म्हणाले.

जिना उतरताना त्यांना हसू आलं. आधी सुटकेचं. मग फांदीसारखी मोकळी चाल असलेला माणूस कसा तिरका जातो हे पाहिलेल्या शहांचं. भोसल्यांचं. एवढ्या सगळ्यांनी एवढे दिवस त्यांच्याकडे टक लावून पाहिलं होतं, आणि जो माणूस खरोखर मागे पडत होता त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. खांब रोज त्याला उत्तम म्हणत होता ना.

खालच्या पायरीवर ते हसू थांबलं. सर माझ्यासाठी हळू चालत नव्हते, हे तिथे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना तसं वाटत होतं एवढंच.

आणि मग राग आला. तो गेला असेल असं त्यांना वाटलं होतं, पण आता तो दुप्पट होऊन आला होता, कारण त्याला बसायला जागा उरली नव्हती. दगा दिला होता तो खराच होता. आपल्याला मरणाच्या दारात सोबत म्हणून धरून ठेवलं होतं, सायकल पळवली होती, रज्जाकला खोटारडा म्हणायला लावलं होतं. ते आपल्याला काही झालेलं नव्हतं म्हणून रद्द होत नव्हतं. पण शिक्षा मात्र आधीच देऊन झाली होती. ज्याला ती मिळाली होती त्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

रात्रीच त्यांनी सुनंदाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते रुळावर गेले. जाताना रज्जाकच्या दुकानाशी थांबले, हात जोडले. रज्जाक म्हणाला, "अण्णा, आधी चहा घ्या." ते म्हणाले, येताना घेतो.

सगळी मंडळी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला सरकली होती. बाकावर चिवटे सर एकटे होते. बाकाला टेकवून ठेवलेली काळी सायकल धुवून पुसून चकचकीत केलेली होती.

"डॉक्टर काय म्हणाल्या?" सरांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. नेहमीपेक्षा बारीक, आणि तो कधीपासून असा झाला आहे हे नेमाण्णांना आठवेना.

नेमाण्णांनी सरांच्या पायाकडे पाहिलं. डाव्या बुटाचं नाक घासून पांढरं झालं होतं.

"चला," ते म्हणाले. "चालता चालता सांगतो."

"नेमाण्णा, मला काय बोलायचं ते बोला. पण आजाराचं काय ते सांगा. मी हुबळीला येईन. महिन्यातनं एकदा. दोनदा."

"चला तर."

दोघे निघाले. पहिल्या खांबापाशी सांगायचं, असं नेमाण्णा ठरवून आले होते. संध्याकाळची डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली होती. उद्या नाही, आज. एकही दिवस नाही. नियमाप्रमाणे या माणसाचा हितचिंतक जगात तेच होते.

पहिला खांब आला. "श्री. चिवटे, आजची चाल उत्तम," तो म्हणाला.

"बघा," सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मला हे ऐकवत नाही, देवाशपथ. तुमच्या शेजारी चालताना तर अजिबात नाही. तुमचं मला झालं असतं तर बरं झालं असतं."

नेमाण्णांनी तोंड उघडलं. सरळ, तोंडावर, गोड करून नाही. तेवढं ठरलेलं वाक्य जिभेवर होतं. ते बाहेर पडेना. ते अडवून धरणारी दया होती की राग, हे त्यांना ओळखता येईना. दुकानात एवढी वर्षं पितळ कुठलं आणि मुलामा कुठला हे वाजवून सांगणारा माणूस, पण हे वाजवायचं कसं? दुसऱ्या खांबाशी सांगू, त्यांनी ठरवलं.

दुसरा खांब गेला. निळ्या पट्टीवरून शाळकरी पोरींच्या सायकली घंटा वाजवत गेल्या. मागून गोकावीबाई आल्या, क्षणभर घुटमळल्या, मग मान खाली घालून त्यांनी वेग धरला आणि सुटल्यासारख्या पुढे निघून गेल्या. त्यांना आता कोणी अडवलं नाही.

शेजारी डावा बूट घसटत होता. पाऊल, घसट. पाऊल, घसट. इतके दिवस हा आवाज मागून येत असणार, आणि आपण पुढे उभे राहून मोसमी वाऱ्यावर विनोद करत होतो. नेमाण्णांनी आपली ढांग आखूड केली. मग आणखी आखूड केली.

तिसऱ्या खांबाला सरांच्या ते लक्षात आलं. ते बिचकत, कालपासून पहिल्यांदाच जरासे हसले.

"काय ओ नेमाण्णा," ते म्हणाले, "आज माझ्यासाठी हळू चालताय काय?"